निकाल आधी, चित्र नंतर

इंटरनेटने कलासमीक्षकाचे जुने अधिकार एकेक करून काढून घेतले. चित्राविषयी बोलण्याचा हक्क सर्वांना मिळाला, हे स्वागतार्हच आहे. मात्र चित्रासमोर थांबून ते नीट पाहण्याचे काम यापुढे कोणी करायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील मायामी बीच येथे 'आर्ट बाझेल' हा कलामेळा भरला होता. तेथील एका दालनाच्या भिंतीवर मॉरित्सिओ कातेलान या इटालियन कलावंताने एक केळे चिकटपट्टीने चिकटवून ठेवले. कलाकृतीचे नाव 'कॉमेडियन', किंमत एक लाख वीस हजार डॉलर. पाहता पाहता त्या केळ्याचे छायाचित्र जगभरच्या मोबाइलवर पोहोचले. कोणी हसले, कोणी संतापले, कोणी घरातील हाताला लागेल ती वस्तू भिंतीला चिकटवून तिचे छायाचित्र प्रसृत केले. ७ डिसेंबरला डेव्हिड दातुना या कलावंताने ते केळे भिंतीवरून काढले आणि सोलून सर्वांसमक्ष खाऊन टाकले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मेळ्याच्या अखेरच्या दिवशी, गर्दी आवरेना म्हणून कलाकृतीच हलवावी लागली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची एक आवृत्ती न्यूयॉर्कमध्ये 'सदबीज'च्या लिलावात सुमारे ६२ लाख डॉलरना विकली गेली.

या साऱ्या गदारोळात कलासमीक्षक कुठे होते? ते होतेच. कोणी १९१७ मध्ये मूत्रपात्र प्रदर्शनाला पाठवणाऱ्या मार्सेल द्युशाँची आठवण करून दिली, कोणी कलाबाजाराच्या उपहासाविषयी लिहिले. पण त्यांचे लेख प्रसिद्ध होईपर्यंत निकाल लागून गेला होता. कलाकृतीपेक्षा तिच्याभोवती उठलेल्या कल्लोळाविषयी लिहिण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नव्हते. आधी कलाकृती, मग प्रदर्शन, त्यानंतर समीक्षा आणि शेवटी लोकचर्चा हा दीर्घकाळ रूढ असलेला क्रम इंटरनेटने उलटा केला आहे. आता चर्चा आधी होते, निकालही आधीच लागतो. चित्र प्रत्यक्ष पाहणे ही सर्वांत शेवटची आणि बहुतेकांच्या बाबतीत न घडणारी गोष्ट ठरते.

वाद जुनाच

सामान्य माणसाला कलेविषयी बोलण्याचा अधिकार आहे काय, हा वाद मात्र इंटरनेटने निर्माण केलेला नाही. आधुनिक कलासमीक्षेचा जन्मच त्या वादातून झाला. अठराव्या शतकात पॅरिसमधील लूव्र राजवाड्यात 'सालों' नावाची प्रदर्शने भरू लागली आणि दरबाराबाहेरचे लोकही चित्रे पाहू लागले. १७४७ मध्ये एक निनावी पुस्तिका निघाली. तिचा लेखक ला फाँ द सेंत-येन हा ना चित्रकार होता, ना अकादमीचा सदस्य. प्रदर्शनात मांडलेले चित्र हे छापून आलेल्या पुस्तकासारखे किंवा रंगभूमीवर आलेल्या नाटकासारखे असते, म्हणून त्याविषयी मत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. चित्रकार खवळले. ज्याला कुंचला धरता येत नाही त्याने आमच्या कामाविषयी बोलू नये, हा त्यांचा आक्षेप होता. आज समाजमाध्यमांवरील टीकाकारांविषयी जे बोलले जाते, त्याचा सूर फारसा वेगळा नाही.

त्यानंतर बारा वर्षांनी, १७५९ पासून, फ्रेंच विचारवंत दिदरो याने याच प्रदर्शनांविषयी लिहायला प्रारंभ केला. त्याचे लेखन छापले जात नसे. ते एका हस्तलिखित वार्तापत्रातून फ्रान्सबाहेरच्या मोजक्या वर्गणीदारांकडे जाई. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन त्यांच्यापैकी एक होती. या वाचकांना पॅरिसमधील चित्रे दिसण्याचा संभव नव्हता. साहजिकच चित्रात काय आहे, प्रकाश कोठून येतो, आकृती कशी उभी आहे, हे सारे दिदरोला शब्दांतून उभे करावे लागले. वर्णन हा समीक्षेचा पाया ठरला तो असा, वाचकाच्या गरजेतून. इंटरनेटने ती गरजच संपवल्यासारखे वाटते. कारण आज वाचकाच्या हातात चित्राची प्रतिमा लेखाआधीच असते.

एकोणिसाव्या शतकात समीक्षकाचा शब्द किती जड झाला होता, हे एका खटल्यावरून दिसते. ज्याच्या 'अन्टू धिस लास्ट' या ग्रंथाचा गांधीजींवर खोल परिणाम झाला, तो जॉन रस्किन आपल्या काळातला इंग्लंडमधील सर्वांत वजनदार कलासमीक्षक होता. १८७७ मध्ये त्याने जेम्स व्हिसलरच्या रात्रीच्या आतषबाजीच्या चित्राची आणि त्याच्या दोनशे गिनी किमतीची इतक्या कठोर शब्दांत संभावना केली, की व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर १८७८ मध्ये निकाल चित्रकाराच्या बाजूने लागला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खटल्याच्या खर्चाने व्हिसलरचे दिवाळे निघाले आणि रस्किनने ऑक्सफर्डमधील प्राध्यापकपद सोडले. एका माणसाच्या मताने चित्रकार उभा राहावा किंवा बुडावा, हा तो काळ होता. त्या काळाची हळहळ वाटण्याचे कारण नाही.

मुंबईतील मोजके आवाज

मुंबईचा अनुभवही याहून फार निराळा नव्हता. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला, तेव्हा त्यांच्या कामाकडे गांभीर्याने पाहणारे लोक अगदी थोडे होते. रुडॉल्फ फॉन लायडेन हे त्यांपैकी एक. भूगर्भशास्त्र शिकलेला हा जर्मन गृहस्थ १९३० च्या दशकात मुंबईत आला आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'तून कलेविषयी लिहू लागला. १९४६ मध्ये मुल्कराज आनंद यांनी 'मार्ग' हे नियतकालिक सुरू केले. १९४९ मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनाचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. पुढे ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून दीर्घकाळ कलासमीक्षा लिहिली. या लेखनाने चित्रकारांना आधार दिला आणि मराठी वाचकाला आधुनिक चित्रांची ओळख करून दिली, हे नि:संशय.

पण ही व्यवस्था अत्यंत अरुंद होती. १९५२ मध्ये काळा घोडा येथे जहांगीर कलादालन उघडले. तेथील प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी संपतात. या आठवड्याभरात समीक्षक आला तर आला. तो आला, त्याने लिहिले आणि संपादकाला जागा मिळाली, तरी परीक्षण छापून येईपर्यंत अनेकदा चित्रे भिंतीवरून उतरलेली असत. मुंबईबाहेरच्या चित्रकाराची अवस्था तर याहून बिकट होती. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर किंवा पणजी येथे कला महाविद्यालये आहेत, तेथून दरवर्षी विद्यार्थी बाहेर पडतात. पण त्यांच्या गावी भरलेल्या प्रदर्शनाविषयी कोणी चार ओळी लिहाव्यात, ही अपेक्षाही चैनीची होती.

आज तोच विद्यार्थी आपले चित्र पूर्ण होण्याच्या आधीच जगासमोर ठेवू शकतो. दालनाच्या दारात तिष्ठत बसण्याची, कोणा समीक्षकाच्या नजरेची वाट पाहण्याची त्याला गरज राहिलेली नाही. केवळ दृश्यकलेला वाहिलेले 'चिन्ह'सारखे मराठी नियतकालिकही छापील अंकांकडून संकेतस्थळाकडे वळले. इंटरनेटच्या नावाने बोटे मोडण्याआधी हा जमेचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

प्रश्नांची कक्षा रुंदावली

जमेच्या बाजूला आणखीही बरेच काही आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथून २००९ मध्ये सुरू झालेल्या 'हायपरअ‍ॅलर्जिक' या संकेतस्थळाने कलेच्या बातमीदारीला आणि समीक्षेला एकत्र आणले. लंडनमध्ये गॅब्रिएल द ला पुएन्ते आणि झरिना मुहम्मद या दोन विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये 'द व्हाइट प्यूब' सुरू केले. प्रदर्शन पाहताना स्वतःच्या मनात काय झाले, आपण तेथे परके का वाटलो, हे सारे त्या सरळ बोलीभाषेत लिहू लागल्या. समीक्षकाने तटस्थ असले पाहिजे, हा दंडक त्यांनी झुगारला. अनेक वर्षे मालवाहू ट्रक चालवून मग समीक्षेकडे वळलेले जेरी सॉल्ट्झ हे 'न्यूयॉर्क' नियतकालिकातून लिहितातच, पण समाजमाध्यमांवर वाचकांशी वादही घालतात. २०१८ मध्ये त्यांना समीक्षेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

या नव्या समीक्षेने केवळ भाषा बदलली असे नाही. तिने विचारलेले प्रश्नही नवे होते. चित्राची रचना, रंगसंगती, शैली यांच्या पलीकडे जाऊन हे चित्र ज्या भिंतीवर आहे ती भिंत कोणाच्या पैशाने उभी राहिली, असे ती विचारू लागली. न्यूयॉर्कमधील व्हिटनी संग्रहालयाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवर स्थलांतरितांवर अश्रुधूर सोडला गेला. त्या नळकांड्यांवर ज्या कंपनीचे नाव होते, तिचे मालक वॉरन कँडर्स हे संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे उपाध्यक्ष होते. ही बाब 'हायपरअ‍ॅलर्जिक'ने उजेडात आणली. संग्रहालयाच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांनी निषेधाचे पत्र लिहिले. जुलै २०१९ मध्ये 'आर्टफोरम'च्या संकेतस्थळावर तीन लेखकांचा निबंध प्रसिद्ध झाला. संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातील कलावंतांनी आपले काम काढून घ्यावे, असे आवाहन त्यात होते. दोनच दिवसांत काही कलावंतांनी तशी मागणी केली आणि २५ जुलैला कँडर्स यांनी राजीनामा दिला. एका निबंधाने आठवड्याभरात इतके घडवून आणल्याची उदाहरणे समीक्षेच्या इतिहासात विरळाच.

अर्थात, या सामर्थ्याला मर्यादाही आहेत. याच 'आर्टफोरम'च्या संकेतस्थळावर ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातील युद्धाविषयी हजारो कलावंतांच्या सह्यांचे खुले पत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा काही दिवसांतच तेथील संपादकाला पदावरून दूर करण्यात आले. व्यासपीठ कितीही खुले दिसले, तरी त्याची मालकी कोणाकडे तरी असतेच.

न पाहिलेल्या चित्राचा खटला

याच व्हिटनी संग्रहालयात २०१७ मध्ये घडलेली घटना दुसरी बाजू दाखवते. डाना शुट्झ या गौरवर्णीय चित्रकर्तीने 'ओपन कॅस्केट' हे चित्र प्रदर्शनात ठेवले होते. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात गोऱ्या मारेकऱ्यांनी क्रूरपणे ठार केलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे कलेवर हा त्या चित्राचा विषय. कृष्णवर्णीयांच्या यातनेचा विषय गोऱ्या कलावंताने असा वापरावा काय, हा प्रश्न रास्त होता आणि गंभीरही होता. पार्कर ब्राइट हा कृष्णवर्णीय कलावंत चित्रासमोर पाठमोरा उभा राहिला आणि त्याने ते इतरांच्या नजरेआड केले. हॅना ब्लॅक या लेखिकेने फेसबुकवर खुले पत्र लिहून चित्र केवळ काढून टाकण्याची नव्हे, तर नष्ट करण्याची मागणी केली. चित्र अखेरपर्यंत भिंतीवर राहिले. संग्रहालयाने त्याशेजारचा मजकूर तेवढा बदलला.

ब्राइट निदान त्या चित्रासमोर उभा होता. इंटरनेटवर बाजू घेणाऱ्या बहुसंख्यांनी, दोन्ही पक्षांच्या, पाहिली होती ती मोबाइलच्या पडद्यावरील प्रतिमा. मूळ चित्रात चेहऱ्याच्या जागी रंगाचे जाड थर एकमेकांवर चढवलेले होते. तो उंचवटा हा वेदनेचा आविष्कार होता की वेदनेचे अलंकरण, हाच तर समीक्षेचा खरा प्रश्न. पण पडद्यावर तो उंचवटा सपाट झाला आणि प्रश्नही त्याच्याबरोबर नाहीसा झाला. चित्र कोणी काढले एवढेच उरले, चित्र कसे काढले हे वादाच्या बाहेर गेले.

भारतीय वाचकाला हे अपरिचित वाटू नये. मकबूल फिदा हुसेन यांनी १९७० च्या दशकात काढलेले रेखाचित्र १९९६ मध्ये एका हिंदी मासिकातील लेखामुळे वादात सापडले आणि वीस वर्षे कोणाच्या डोळ्यांवर न आलेली रेघ एकाएकी गुन्हा ठरली. पुढे आणखी एका चित्रावरून वादळ उठले, खटले भरले गेले आणि २००६ मध्ये हुसेन यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची प्रकरणे रद्द केली, पण ते परतले नाहीत. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. संदर्भापासून तुटलेली प्रतिमा किती दूर जाऊ शकते, हे छापील मासिकाच्या युगातच दिसले होते. इंटरनेटने या अपवादात्मक घटनेला रोजचा व्यवहार बनवले.

पडद्यात न मावणारे

पडदा चित्राशी काय करतो, हे समजून घेण्यासाठी वासुदेव गायतोंडे यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेला हा चित्रकार वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण करी. रोलर आणि रंगसुरी यांनी रंगाचे पातळ थर चढवायचे, काही काढायचे, पुन्हा चढवायचे, मधल्या काळात केवळ पाहत बसायचे, अशी त्यांची पद्धत होती. अशा चित्रासमोर काही मिनिटे उभे राहिल्यावर आतले थर हळूहळू वर येऊ लागतात. तेच चित्र पडद्यावर दोन बोटांच्या रुंदीत आले, की पिवळसर किंवा करड्या पृष्ठभागावरील काही डाग एवढेच दिसतात. अंगठ्याच्या एका फटकाऱ्याने ते वर सरकवले जाते आणि पाहणाऱ्याचा त्यात दोष नसतो. कारण पाहण्यासारखे काही त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते.

उलट, काही कला पडद्यासाठी जणू जन्मालाच आलेल्या असतात. जपानी कलावंत यायोई कुसामा यांच्या आरशांच्या खोल्या त्यांनी १९६० च्या दशकापासून रचल्या, पण त्यांना लोटणारी गर्दी ही इन्स्टाग्रामच्या युगातील. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात एका खोलीत सुमारे अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक थांबता येत नसे. अनंताचा अनुभव देऊ पाहणाऱ्या खोलीतील हे अर्धे मिनिट स्वतःचे छायाचित्र काढण्यात सरे. शिवाय २०१६ पासून इन्स्टाग्रामने चित्रे काळाच्या क्रमाने दाखवण्याचे सोडून, पाहणाऱ्याला काय रुचेल याच्या गणितानुसार दाखवायला सुरुवात केली. कोणते चित्र डोळ्यांपुढे यावे हे ठरवणारा द्वारपाल नाहीसा झाला, असे म्हणणे त्यामुळे खरे नाही. पूर्वीच्या द्वारपालाला नाव होते, त्याच्याशी भांडता येत होते. नव्याचे निकष कोणाला माहीत नाहीत.

तंत्रज्ञानाने पाहणे केवळ उथळच केले, असेही मात्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने सतरा संग्रहालयांना बरोबर घेऊन जो कलाप्रकल्प सुरू केला, त्यात काही चित्रांच्या प्रतिमा इतक्या सूक्ष्म आहेत, की व्हॅन गॉगच्या 'तारांकित रात्री'तील कुंचल्याचा एकेक फटकारा दिसतो. दालनातील दोरीमागे उभे राहून ते साधत नाही. २०१२ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय या प्रकल्पात सामील झाले. जिला न्यूयॉर्क कधी दिसणार नाही, अशा गडचिरोलीच्या विद्यार्थिनीसाठी हे केवढे मोठे दान आहे! साधन एकच आहे. त्यावर चित्र पाहायला अर्धा सेकंद द्यायचा की अर्धा तास, हे मात्र साधन ठरवत नाही, असे म्हणायचे, तर ज्या सवयी ते लावते त्यांचाही विचार करावा लागतो.

किमतीची आणि निवेदनाची भाषा

समीक्षकाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती दोन गोष्टींनी भरून काढली. पहिली किंमत. २००० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'सॅफ्रनआर्ट'ने भारतीय चित्रांचे लिलाव इंटरनेटवर आणले. त्यामुळे बंद दाराआडचे व्यवहार उघड झाले, हा मोठाच लाभ. परंतु आकडा हा समजायला सोपा असतो. डिसेंबर २०१३ मध्ये 'क्रिस्टीज'च्या मुंबईतील पहिल्या लिलावात गायतोंडे यांचे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले, ही बातमी घरोघर पोहोचली. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, हे त्यामानाने थोड्यांच्या लक्षात राहिले. आणि त्या चित्रांत नेमके काय आहे, हे सांगणारा मजकूर त्याहूनही थोड्यांनी वाचला.

दुसरी गोष्ट म्हणजे दालनांकडून येणारे निवेदन. अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी २०१२ मध्ये 'ट्रिपल कॅनोपी' या इंटरनेट नियतकालिकात एक खुमासदार अभ्यास प्रसिद्ध केला. कलाविषयक घोषणा ई-मेलने जगभर पाठवणाऱ्या 'ई-फ्लक्स' या सेवेची वर्षानुवर्षांची निवेदने संगणकाला देऊन त्यांनी त्यांची भाषा तपासली. निष्कर्ष असा, की प्रदर्शनांच्या निवेदनांतून इंग्रजीची एक स्वतंत्रच बोली तयार झाली आहे: लांबलचक वाक्ये, अमूर्त नामांची रेलचेल आणि अर्थ मात्र निसटता. मराठीही या संसर्गापासून मुक्त नाही. 'अवकाशाचा शोध', 'अंतर्मनाचे स्पंदन', 'जाणिवांचा पट' हे शब्द कोणत्याही चित्राखाली ठेवले तरी चालतात आणि म्हणूनच कोणत्याही चित्राविषयी काही सांगत नाहीत. अशी वाक्ये आता यंत्राकडून क्षणात लिहून घेता येतात. निवेदन जसेच्या तसे परीक्षण म्हणून पुढे पाठवले जाते, तेव्हा वाचकाची फसवणूक होते आणि चित्रकाराचीही. कारण आपल्या कामात काय जमले आणि काय फसले, हे त्याला सांगणारे कोणी उरत नाही.

पाहण्याचा खर्च

या ऱ्हासाचे सगळे खापर इंटरनेटवर फोडणे अन्यायाचे ठरेल. २००२ मध्ये, म्हणजे फेसबुक जन्माला येण्यापूर्वीच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कलापत्रकारितेच्या उपक्रमाने अमेरिकी वृत्तपत्रांतील कलासमीक्षकांची पाहणी केली. कलाकृतीवर आपला निर्णय देणे हे आपल्या कामातील सर्वांत कमी महत्त्वाचे अंग आहे, असे त्या समीक्षकांनीच सांगितले होते. पुढच्याच वर्षी जेम्स एल्किन्स यांनी कलासमीक्षेची अवस्था मांडणारी पुस्तिका लिहिली. समीक्षेचे उत्पादन अफाट वाढले आहे आणि वाचक जवळपास नाहीसा झाला आहे, असे त्यांचे निदान होते. समीक्षकाने आपला अधिकार आधीच सोडायला घेतला होता, इंटरनेटने तो उचलून सर्वांमध्ये वाटून टाकला.

खरा पेच आर्थिक आहे. पूर्वी वृत्तपत्राच्या एकूण उत्पन्नातून कलासमीक्षेचा स्तंभ चालत असे. तो किती जण वाचतात, याचा रोजचा हिशेब कोणी मागत नव्हते. इंटरनेटवर प्रत्येक लेखाचे वाचक मोजले जातात आणि एखाद्या अमूर्त चित्रकाराच्या पहिल्या प्रदर्शनाचे परीक्षण त्या मोजणीत कधीच वर येत नाही. मग लिहिणाऱ्याचे पोट कशावर चालायचे? दालनांच्या सूचिपत्रांसाठी लिहून, जाहिरातवजा मजकूर लिहून किंवा ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच आमंत्रणावर प्रवास करून. यांपैकी काहीही बेकायदा नाही. पण प्रशंसा विकत घेतलेली आहे की मनापासून आलेली, हे वाचकाला कळण्याचा मार्ग बंद होतो. 'द व्हाइट प्यूब'च्या दोघींनी वाचकांच्या छोट्या मासिक वर्गणीवर काम उभे केले आणि आपल्या मिळकतीचा हिशेबही जाहीर केला, तो याच कारणाने. मराठीत असा प्रयोग रुजवणे सोपे नाही, पण अशक्यही नसावे. ज्या भाषेत दिवाळी अंक वाचकांच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या निघतात, त्या भाषेतील वाचक चांगल्या कलालेखनासाठी थोडी पदरमोड करणारच नाही, असे गृहीत का धरावे?

समीक्षा या शब्दाचा अर्थ

इंग्रजीतील 'क्रिटिसिझम' या शब्दाचे मूळ निवाडा करणे या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. मराठीने संस्कृतातून घेतलेल्या 'समीक्षा' या शब्दाचे मूळ मात्र 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, या धातूत आहे. त्याला 'सम्' हा उपसर्ग लागला, की नीट, सर्व बाजूंनी पाहणे असा अर्थ होतो. निवाडा करण्याची मक्तेदारी इंटरनेटने समीक्षकाकडून काढून घेतली आहे. ती परत मिळणार नाही आणि मिळूही नये. रस्किनसारख्या एकाच माणसाच्या हाती पुन्हा तराजू देण्यात कोणाचेच हित नाही. नीट पाहण्याचे काम मात्र कोणी काढून घेतलेले नाही. ते तसेच पडून आहे.

ते काम करण्याचे मार्गही आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. लेखाबरोबर चित्राचा तपशील मोठा करून दाखवता येतो. पूर्वीचे काम शेजारी ठेवता येते. चुकले तर दुरुस्ती करता येते. वाचकाने आक्षेप घेतला तर त्याला उत्तर देता येते. मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत मराठीत सौंदर्यविचाराची भक्कम परंपरा आहे. एखादी गोष्ट आवडली एवढे म्हणून न थांबता ती का आवडली, याची कारणे मांडावी लागतात, ही त्या परंपरेची शिकवण. अंगठा वर करण्याच्या चिन्हाला कारणे देता येत नाहीत. म्हणून कारणे देणाऱ्याची गरज उलट वाढली आहे.

दर सोमवारी संध्याकाळी जहांगीर कलादालनात भिंतीवरची चित्रे उतरवली जातात. एखादा तरुण चित्रकार आठवड्याभराची कमाई मोजतो: शंभर छायाचित्रे, कित्येक पसंतीच्या खुणा, 'अप्रतिम' आणि 'सुरेख' असे पाच-पन्नास शेरे. त्यातले काहीच खोटे नसते. पण डाव्या कोपऱ्यातला निळा रंग बाकीच्या चित्राला तोडतो आहे काय, हा जो प्रश्न त्याला वर्षभर छळत आला, त्याला या साऱ्यात कोणीच स्पर्श केलेला नसतो. तो प्रश्न ओळखणारा एक पाहणारा त्या सात दिवसांत आला असता, अर्धा तास थांबला असता आणि त्याने चार परिच्छेद लिहिले असते, मग ते कागदावर असोत वा पडद्यावर, तर पुढच्या चित्राला उपयोग झाला असता.